काचेला चिकटलेली काडी

हे गेल्यावर दीड वर्ष बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. मुलगा अमेरिकेत, सॉफ्टवेअरमध्ये. शेवटी त्याची खोली अमरावतीच्या एका मुलीला दिली. पीएच.डी. करत होती. तिचा कॉम्प्युटर कायम चालू. बटणावर चिठ्ठी डकवलेली : बंद करू नये.

विचारलं, तर म्हणाली, "गणित चालू आहे, काकू. डोळ्यांना दिसणार नाही एवढी बारीक काडी काचेला चिकटली आहे, अन् वरून पाणी वाहून राहिलं. ती सुटते का राहते, ते पाहायचं."

माझं शिक्षण सातवी. पण शेवयांची पातेली जन्मभर घासलीत. म्हटलं, "बुडाला आडवी चिकटलेली शेवई नळाखाली धरली तरी हलत नाही गं. टोक वर असलं, की जाते वाहून."

ती बघतच राहिली. "तेच तर. तळाशी पाणी जवळपास थांबलेलंच असते. वरच्या टोकाला ओढ लागते. पण किती, ते काढायचं आहे."

ते निघालं, की ती गावी जाणार होती; प्रबंध तिथूनच लिहून देणार होती. भिंतीपलीकडून कॉम्प्युटरची घरघर यायची. घरात कुणी आहे, एवढं त्यानं कळायचं.

एकदा ती कॉलेजात असताना मी लोणी काळभोरला बहिणीकडे गेले. निघताना मेन स्विच खाली केला. ती ह्यांची शिस्त, हाताला बसलेली. कॉम्प्युटरची बॅटरी पुरायची अर्धा तास.

परतले, तर ती खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. "तेरा दिवसांचं गणित गेलं, काकू. चिठ्ठी लावली होती ना?"

"बटणाला हात नाही लावला गं मी."

"पुण्यात पाट्या लिहायलाच आहेत. वाचायला नाहीत."

मी माफी मागितली. ती जेवली नाही. गणित पहिल्यापासून लावलं. आणि खरं सांगते, कणीक मळताना माझ्या मनात आलं, म्हणजे अजून तेरा दिवस राहील. लाज वाटली. सकाळी चहा देताना तिला सांगूनच टाकलं.

ती कपात बघत म्हणाली, "पंधरा धरा. ह्या वेळी पाण्याचा जोर वाढवला."

पंधरा दिवस मी घर सोडलं नाही. गणित निघालं. सोळाव्या दिवशी दुपारी ती गावी गेली. संध्याकाळी मी मुलाला फोन लावला. तिकडची वेळ बघायचं राहूनच गेलं.

"काय झालं, आई?" झोपेतला आवाज.

"काही नाही रे," म्हटलं. "झोप तू."