हे पॅनेल यादीत घ्यायचं का?

वाकोल्याच्या आमच्या ऑफिसात माणसं तीनच: देसाई सर, निलेश आणि मी. पण कारखाने पालथे घालून जमलेले किस्से तीसजणांना पुरतील! विजेच्या चालू पॅनेलमध्ये शॉर्ट झाला की क्षणात आगीचा लोळ उसळतो. त्याला म्हणतात आर्क फ्लॅश. तो केवढा असेल, समोरच्याने अंगात काय घालावं, हे आम्ही काढून देतो. पण आधी ठरवायचं, कुठली पॅनेलं यादीत घ्यायची. खरी मजा तिथेच!

*

अंधेरीच्या एका मॅनेजरसाहेबांना काहीच सोडवेना. "वॉटर कूलर लिहिला? आणि माझ्या केबिनमधला पंखा?"

सर म्हणाले, "साहेब, ज्याच्यामागे मोठी पॉवर आहे आणि जे चालू असताना माणूस उघडतो, तेवढंच घेऊ. पंखा कोण उघडतं?"

साहेबांनी वर पाहिलं. "उघडतोय कसला! पुसत पण नाही कोणी."

*

मुलुंडला नेमकं उलटं. "आमच्याकडे चालू पॅनेल कोणी उघडतच नाही. लिहा शून्य!"

त्यांच्या पाठीमागेच एक जण कमरेपर्यंत पॅनेलमध्ये घुसलेला. निलेशने विचारलं, "मग हे कोण?"

"तो होय? तो सावंत. घरचाच आहे!"

*

घाटकोपरचा सुपरवायझर शपथेवर सांगत होता, मेन पॅनेलला वर्षभर कोणी हात लावलेला नाही. सप्लाय बंद करून आम्ही दार उघडलं. आत गणपतीचा फोटो आणि त्याला ताजं जास्वंद!

सुपरवायझर हळूच म्हणाला, "आज मंगळवार ना, मॅडम."

*

आणि बोरिवलीचे परबकाका. मूळचे मालवणचे, कारखान्यातले सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन. तिथे कोपऱ्यात एक जुनाट पॅनेल होतं. मालक म्हणाले, "छोटंसं आहे, सोडून द्या." सरही सोडायला तयार झाले होते. मी काकांना विचारलं, "हे कधी उघडता?"

"रोज सकाळी. ता चालूच असता."

मी अडून बसले. "सर, हे वगळलं तर रिपोर्टवर माझी सही नाही!" सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पॅनेल यादीत घातलं. आकडे आले तेव्हा अख्ख्या कारखान्यात सगळ्यात भयंकर निघालं ते हेच!

सप्लाय बंद करूनच काम करा, आणि जिथे जमणारच नाही तिथे आगीपासून वाचवणारा सूट घाला, असं आम्ही लिहून दिलं. जाडजूड सूट आला, डोक्यावरच्या टोपासकट. काका भडकले. "ह्या घालून माझा लगीन लावतलात काय?" तरी मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

दोन महिन्यांनी दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, सूट जळलो."

मी खुर्चीतून ताडकन उठले. "काका... आणि तुम्ही?"

"मी जेवतंय. दुसरो धाडा!"