मोटरीचं वाक्य

इकडे हिंदी मुलखात, आमच्या दूधविनायकच्या गल्लीत दर दुसऱ्या माणसाला भूत नाहीतर देव, काही ना काही दिसलेलं असतं, आणि मी त्यांना बीपी तपासून घ्यायला सांगते. तीस वर्षं गणित शिकवलंय मी... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

गेल्या वर्षी कोर्टातून बोलावणं आलं. साताऱ्याहून बदली होऊन आलेलं कुटुंब, आठ वर्षांची मुलगी, घरमालकाच्या भावावर पॉक्सोची केस. मुलीला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. शपथ घेतली — ती बोलेल तेच हिंदीत सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

मध्ये पडदा, पलीकडे तो. वकिलांचे प्रश्न जज मॅडम स्वतः विचारायच्या, मी ते मराठीत सांगायची. पहिली उत्तरं नीट आली. मग प्रश्न आला — आई घरातच असायची, तर तिला काहीच ऐकू कसं आलं नाही? मुलगी माझी बांगडी फिरवू लागली. इथे ती अडली तर केस ढिली पडणार, हे मलाही कळत होतं. मी पंख्याकडे बघत बसले. मला एवढंच आठवतं.

एकदम त्याचा वकील उठला. "मैडम, मोटर वाली बात तो पुलिस के बयान में है ही नहीं."

कसली मोटर? टायपिस्ट तर टाइप करत होता. शेवटी त्यानं आत्ता टाइप केलेलं बयान वाचून दाखवलं, त्यात होतं — वो पहले पानी की मोटर चला देते थे. मी ते मराठीत सांगून मुलीला विचारलं, बरोबर आहे का. ती हो म्हणाली. मी सही केली.

बाहेर आल्यावर आईला मोटरीचं विचारलं. ती म्हणाली, "दुपारी चालायची हो. मला वाटायचं, टाकी भरतायत."

मुलीनं आईला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं, "बाळा, हे तू केव्हा बोललीस?"

"मी नाही बोलले काकू. तुम्हीच बोललात."

त्याला शिक्षा झाली. फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते, सोलत राहिले. आनंद नाही, भीती नाही... अजूनही काही वाटत नाही. जे मला ठाऊकच नव्हतं ते मी कसं बोलले, याचा उलगडा मला झालेला नाही.

मुलगी शाळेत जाते. उद्या कुणी शपथेवर विचारलं, तर मी सांगेन, ती बोलली.