भावाच्या जागी साहेबांची कबर

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन नागपूरच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात गेले. सत्तरच्या दशकात वारलेला माझा तान्हा भाऊ तिथं पुरलाय. बाबांनी आईला कधीच तिथं जाऊ दिलं नाही. गेल्या महिन्यात ते वारले.

चौकीदारानं दाखवलेल्या भावाच्या जागेवर एका नामांकित बॅरिस्टरांची संगमरवरी कबर होती. बाबा त्यांच्याकडेच चपराशी होते.

चौकीदारानं जुनी वही उघडली. “साहेबाले समोरची जागा पाहिजे होती. पोराची हाडं काढून टाकली. सही तुमच्या बापाचीच आहे, ताई.”

आईला कमी ऐकू येतं, वाचता येत नाही. “काय म्हणून राहिला वं तो?”

“हीच बाळाची कबर,” मी म्हणाले.

तिनं दगड कुरवाळला. “किती मोठी बांधली वं तुह्या बापानं! मले सांगितलं बी नाही.”

तुम्ही काय सांगितलं असतं?