अंदाजे तारखेची कमिट

महामायाबाईंना कुणी विचारलं, काय करता, की त्या म्हणायच्या, "घर बघते." संगणकाच्या प्रोग्राममध्ये कुणी, काय, कधी बदललं याची नोंद ठेवणारं एक मोफत साधन आहे, त्या नोंदीला कमिट म्हणतात, आणि त्या साधनात कुणी सुधारणा सुचवली की आपण ती तपासतो, एवढं सांगेपर्यंत लातूरच्या गल्लीतली बाई विचारायची, "म्हणजे क्लास घेता का?" दर दुसऱ्या दारावर क्लासची पाटी, तिचं तरी काय चुकलं?

त्या दिवशी बिलोलीच्या रिजवानची सुधारणा आली होती. पहिलीच. मंजूर झाली तर नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येणार होती. भूकंपात गेलेल्या किल्लारीच्या आठवणी तो म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोळा करून याच साधनात नोंदवायचा. विहीर कधी खणली, कुणालाच नक्की ठाऊक नाही. साधन मात्र पक्की तारीख मागायचं. म्हणून कमिट करताना 'अंदाजे' लिहिण्याची सोय त्यानं सुचवली होती.

महामायाबाई बुद्धवंदना आटोपून बसल्या होत्या. पंचशील ओठांवर ताजं होतं. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील थेट रिजवानच्या डोक्यात घालत त्यांनी नकार लिहायला घेतला. "नोंदीत अंदाज म्हणजे असत्याला दार उघडणं." वाक्य इतकं आवडलं की मोठ्यानं वाचलं. ऐकायला शेंगा सोलणाऱ्या सासूबाई, भामाबाई.

"तुझा वाढदिस कवा गं?"

"एक जून."

"अन् माझ्या लेकाचा, नागसेनचा?"

"एक जूनच."

"तुझ्या भावाचा?"

तोही एक जूनच. भूकंपात महामायाबाईंचं माहेरचं, किल्लारीचं घर पडलं, कागद ढिगाऱ्यात गेले. शाळेत घालताना मास्तरांनी दोघा भावंडांना एकच तारीख, एकच साल ठोकून दिलं. धाकटा भाऊ कागदावर जुळा झाला.

"ते वेगळं," त्या म्हणाल्या.

"हाव, लई वेगळं. आधी मास्तरला नापास कर, मग त्या पोराला."

काय वेगळं, हे चहा निवेपर्यंत शोधलं. सापडलं नाही. पक्की तारीख लिहिली म्हणूनच तर मास्तर खोटे ठरले. 'अंदाजे' लिहिलं असतं तर त्यांचं शील शाबूत राहिलं असतं. महामायाबाईंनी नकार खोडला. वाक्य वाया जाऊ नये म्हणून तेवढं रोजच्या वहीत उतरवून ठेवलं.

मग त्यांनी ती सोय चालते का पाहायला एक नोंद केली: 'महामाया जन्मली. अंदाजे, ज्वारी काढणीत.' साधनानं मुकाट्यानं घेतली. त्यांनी मंजुरी कळवली, खाली लिहिलं, "मी कागदावर एक जूनची."

रिजवानचं उत्तर लगेच आलं: "शुक्रिया मॅडम. मीबी एक जूनचाच हाय."