सिंहदर्शन, हमखास

जंगलातून परत आलेल्या माणसाला लोक प्राण्यांबद्दल विचारतात. मलाही विचारतात. पण मला प्राणी फारसे आठवत नाहीत. झेब्रे सगळे सारखेच दिसतात. व्हॅनमधली माणसं तशी नसतात, आणि प्राणी बघताना तर आपण कुणाला दिसतोय हेच ती विसरतात. त्यामुळे टूरबरोबर जाणाऱ्याकडे किस्से साठत जातात, फराळाच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. आज त्यातल्या एकाच दिवसाचे सांगतो.

नैरोबी शहराला अगदी लागून जंगल आहे. सकाळी हॉटेलातून निघायचं, दिवसभर व्हॅनमधून प्राणी बघायचे आणि संध्याकाळी परत यायचं. आमच्या केनियाच्या टूरमधला तो पहिलाच दिवस असायचा. आमच्या म्हणजे शनिवार पेठेतल्या एका लहानशा टूर कंपनीच्या. नववीनंतर माझी शाळा सुटली आणि मी तिथे व्हिसाच्या अर्जांवर फोटो चिकटवायला लागलो. तेव्हा पुण्यात घरोघरची मुलं सॉफ्टवेअरमध्ये लागत होती आणि त्यांचे आईवडील आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढत होते. फोटो खूप चिकटवले मी.

⁂

कंपनीचे मालक लेलेसर. ब्रोशर ते स्वतः लिहायचे. नैरोबीच्या दिवसापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘सिंहदर्शन, हमखास.’

मी भीत भीत विचारलं, “सर, सिंह आपल्या हातात आहे का?”

“सिंह नाही. ब्रोशर आहे,” सर म्हणाले.

ते ब्रोशर वाचून साठेकाका आले. पिंपरीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. समोर आलेली वस्तू पास तरी करायची नाहीतर नापास, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आमच्या ऑफिसातली खुर्ची त्यांनी बसण्याआधीच नापास केली.

“हमखास म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे दिसतोच,” लेलेसर म्हणाले.

“आणि नाही दिसला तर?”

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तर याला धरा. या वेळी ग्रुप हाच नेतोय. तुम्ही खूश होऊन आलात तर पुढचे ग्रुपही हाच नेईल. नाहीतर आहेच पुन्हा फोटो आणि डिंक.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पासही झालो नाही आणि नापासही झालो नाही. एवढंच म्हणाले, “बघू.”

⁂

त्या दिवशी व्हॅनमध्ये साठेकाका आणि काकू होत्या. हिंजवडीत नोकरीला असलेला केदार आणि त्याची आई होती. आणि शेखभाई होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या आजोबांपासून पुण्यात आहे, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. गाडी चालवायला आणि प्राणी दाखवायला म्वांगी नावाचा उंच, शांत माणूस. व्हॅनचं छप्पर वर उचललं जायचं, म्हणजे उभं राहून बघता येतं.

जंगलात एका ठरलेल्या जागीच गाडीतून उतरायला परवानगी असते. तिथे केदारच्या आईने डबे उघडले. दशम्या, लसणाची चटणी, भाकरवडी. एक बबून माकड कधीपासून दबा धरून बसलं होतं. ते आलं आणि बरोबर चटणीची डबी घेऊन गेलं. झाकण सराईतपणे उघडलं, मूठभर चटणी तोंडात टाकली, आणि मग बराच वेळ जीभ बाहेर काढून हाताने पुसत बसलं.

“पुण्याबाहेरचं दिसतंय,” शेखभाई म्हणाले.

केदारच्या आईला मात्र वाईट वाटलं. “या वेळी मी तिखट जरा कमीच घातलं होतं हो,” ती माकडाकडे बघत म्हणाली.

⁂

थोडं पुढे जिराफ होता. त्याच्या मानेमागे शहरातल्या उंच इमारती दिसत होत्या, इतक्या जवळ की तो एखाद्याच्या बाल्कनीतला पाला खाईल असं वाटावं. पुण्याजवळ आमच्या मांजरी गावात उसाच्या शेतांमधून असेच टॉवर उभे राहिलेत. इथे निदान जिराफ तरी शिल्लक होता.

“आपल्याकडे असतं,” शेखभाई म्हणाले, “तर एव्हाना पाटी लागली असती. टू बीएचके, जिराफ व्ह्यू.”

“आणि ताबा मिळेपर्यंत जिराफ गेला असता,” साठेकाका म्हणाले.

तेवढ्यात केदारचा फोन वाजला. पुण्याहून त्याचे मॅनेजर होते. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. क्लायंट थांबलाय, एक मेल अर्जंट बघायचाय.

“सर, मी लीव्हवर आहे. जंगलात आहे,” केदार हळू आवाजात म्हणाला. “अगदी समोर जिराफ आहे, सर.”

पलीकडून आवाज आला, “ओके. मग जिराफ झाला की बघ.”

⁂

साठेकाकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची त्यांना अडचणही वाटत नव्हती. त्या सकाळपासून म्वांगीशी मराठीतच बोलत होत्या. तो त्यांच्याशी त्याच्या भाषेत, स्वाहिलीत बोलत होता. त्यांच्याकडेही चहाला ‘चाय’ आणि चपातीला ‘चपाती’च म्हणतात, एवढं मला कळलं होतं. पण त्यापलीकडे यांचं काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. मध्येच तो हसायचा, मध्येच काकू “हो ना” म्हणून मान हलवायच्या.

दुपारी काकू मला म्हणाल्या, “बिचाऱ्याच्या घरी कटकट आहे रे. आई आणि बायकोचं स्वयंपाकघरावरून पटत नाही. हा मधल्यामध्ये.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? त्यानेच सांगितलं.”

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्वांगीला विचारून पाहिलं. त्याने काकूंकडे पाहिलं. मग म्हणाला, “हो. मदर म्हणतात, चूल वेगळी करून टाक.”

काकूंनी हाच सल्ला मुंढव्याच्या भाचीलाही दिला होता, असं काकांकडून नंतर कळलं.

⁂

गेंडा दिसला तेव्हा म्वांगीने गाडी बंद केली आणि कुजबुजला, “व्हाइट ऱ्हिनो.” पांढरा गेंडा.

साठेकाकांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि गेंड्याकडे नीट पाहिलं. गेंडा ओल्या सिमेंटच्या रंगाचा होता.

“हा पांढरा?” ते म्हणाले. “दत्ता, याला विचार, धुतल्यावर होतो का.”

मी ते म्वांगीला विचारलं नाही. पण काकांच्या चेहऱ्यावरून त्याला समजलं असावं, कारण त्याने गाडी चालू केली आणि निघताना गेंड्याकडे जरा ओशाळून पाहिलं.

⁂

दुपार कलायला लागली तरी सिंह नव्हता. झेब्रे होते, शहामृग होते, म्हशी होत्या. सिंह नव्हता. समोरून दुसरी व्हॅन आली की म्वांगी काच खाली करून विचारायचा आणि तो ड्रायव्हर मान हलवायचा. मान कशी हलली हे मला मागूनही कळायचं.

आता गाडीत कुणी सिंह म्हणत नव्हतं. “हमखास आला का?” असं विचारत होते.

“हमखास झोपला असेल,” केदार म्हणाला.

“हमखास लीव्हवर असेल,” शेखभाई म्हणाले. “त्याचा मॅनेजर चांगला असेल.”

सगळे हसले. साठेकाका हसले नाहीत. ते खिडकीला नाक लावून गवत तपासत होते, एकेक पातं. मला वाटलं, तक्रारीची तयारी चालली आहे. मी डिंकाच्या वासाची मनात सवय करून घेत होतो.

काकू मला हळूच म्हणाल्या, “तू मनाला लावून घेऊ नकोस. यांनी गेला महिनाभर रोज सिंहांची पुस्तकं आणून वाचली आहेत. आमच्या लग्नातसुद्धा एवढी उत्सुकता नव्हती.”

तेव्हा मला कळलं की प्रश्न ब्रोशरचा नव्हता. त्यामुळे माझं टेन्शन कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं.

⁂

जंगल बंद व्हायची वेळ जवळ आली होती, आणि वायरलेसवर खरखर झाली. म्वांगीने गाडी अशी वळवली की डबे घरंगळत मागे गेले. एका वळणावर तीन-चार व्हॅन अडकून उभ्या होत्या. आमची सगळ्यात मागे. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला तिथे मनाई आहे.

खिडकीतून गवताशिवाय काही दिसत नव्हतं. छपरातून बघितलं तर झुडूप आड येत होतं. फक्त मागच्या डाव्या सीटवर चढून उभं राहिलं, की झुडपाच्या फटीतून सिंह दिसायचा. आयाळवाला, आडवा पसरलेला. जागा एका माणसापुरती होती.

केदार चढला आणि ओरडला. त्याची आई त्याचा शर्ट ओढायला लागली. शेखभाई तिसऱ्या बाजूने घुसले. गाडी हलली. म्वांगीने ओठांवर बोट ठेवलं. ग्रुप माझा होता, आवरायला मीच हवा होतो, पण एवढ्या मोठ्या माणसांना गप्प कसं करायचं हे मला सुचेना.

आणि मागून साठेकाकांचा आवाज आला, एकदम बारीक पण कारखान्यातला.

“रांग लावा. पादत्राणं काढा आधी, सीट खराब होईल.”

सगळ्यांनी बूट-चपला काढल्या. मीसुद्धा काढल्या, मला चढायचं नव्हतं तरी. काका सीटशेजारी उभे राहिले. “आधी केदारची आई. दर्शन घ्या आणि पुढे व्हा. मागे माणसं आहेत.”

केदारच्या आईने वर चढून पाहिलं आणि हात जोडले. देवीचं वाहन आहे ते, ती नंतर म्हणाली. काकू चढल्या, त्यांनीही जोडले. शेखभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि नुसतेच बघत राहिले.

“शेखभाई, पुढे व्हा,” काका म्हणाले.

“अहो, आत्ता तर चढलो.”

“सगळे असंच म्हणतात.”

केदारने फोटो काढले. काकांनी त्याला ते खाली उतरून बघायला लावले. मग त्यांनी मला वर ढकललं. मी नको म्हणालो. “ग्रुप नेतोस ना? मग काय दाखवलंस ते बघून घे,” ते म्हणाले. मी पाहिला. पिवळे डोळे अर्धे मिटलेले होते, आणि त्यांना आमच्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग काकांची पाळी. त्यांनी बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट जोडीने सीटखाली ठेवले, चष्मा पुसला, आणि माझ्या खांद्याला धरून वर चढू लागले.

पुढच्या एका व्हॅनने इंजिन चालू केलं. मी झुडपाच्या बाजूच्या खिडकीशी होतो. गवत एका रेषेत हललं आणि लांब जाऊन थांबलं. काका वर पोचून फटीतून बघत राहिले. आता तिथे फक्त दबलेलं गवत होतं. ते त्या गवताकडे बराच वेळ बघत होते. त्यांना पुढे व्हा म्हणायला कुणी नव्हतं.

“दिसला ना हो नीट?” खालून काकूंनी विचारलं.

“बस खाली. गाडी सुटतेय,” काका म्हणाले, आणि उतरून नाड्या बांधायला लागले.

परतीच्या वाटेवर सगळे फार खुशीत होते. मी काकांकडे पाहिलं नाही.

⁂

पुण्याला आल्यावर लेलेसरांनी ग्रुपला ऑफिसात चहाला बोलावलं. तशी पद्धतच आहे. केदारची आई बोलली, शेखभाई बोलले, फोटो फिरले. लेलेसर ऐकत होते, पण त्यांचं लक्ष साठेकाकांकडे होतं. मी चहाचे कप गोळा करत होतो, रिकामे नसलेलेही.

शेवटी सरांनी विचारलंच, “साठेसाहेब, तुमची काही तक्रार?”

“असती, तर तुम्हाला विचारावं लागलं असतं का?” काका म्हणाले.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. काकांनी चहा संपवला, कप माझ्या हातात दिला, आणि विचारलं, “पुढचा ग्रुप कधी जातोय?”

“दिवाळीनंतर. का? कुणी ओळखीचं आहे?”

“माझं नाव लिहा. हाच मुलगा नेणार असेल तर.”

लेलेसरांना काही कळेना. “अहो, पण तुम्ही तर आत्ताच सिंह बघून आलात.”

काकांनी छत्री उचलली.

“देवळात माणूस एकदाच जातो का?” ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.