घरचा निरोप शेवटी

रेडिओ केंद्रावर तिला सगळे निरोपबाई म्हणत. संध्याकाळी साडेसहाला डोंगरातल्या वस्त्यांसाठी आलेले निरोप वाचायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. कुणाला दवाखान्यातून घरी सोडलं, कुणाचं हरवलेलं खेचर सापडलं, कुणाला मुलगी झाली. वर फोन लागत नाही, त्यामुळे रेडिओवर ऐकलं तेच खरं. वाचून झालेला कागद ती अलगद कोपराखाली सरकवायची, माइकमध्ये सळसळ जायला नको म्हणून.

निरोप खोऱ्यांच्या क्रमाने वाचायचे, वरचं खोरं पहिलं. आपलं खोरं झालं की लोक रेडिओ बंद करत. सेल संपले तर नवे आणायला दीड दिवस उतरावं लागे. दुसऱ्यांची खेचरं ऐकत कोण बसणार!

बाई शिस्तीची, जरा जास्तच. तिच्या आधीच्या निवेदकाने मेव्हण्याच्या लग्नाचं अभिनंदन सलग सहा दिवस वाचलं होतं आणि तक्रारींनी साहेबांचं डोकं उठवलं होतं. तेव्हापासून बाईने कानाला खडा लावला होता की घरचं काही माइकवर आणायचं नाही.

मग तिची आई दवाखान्यात पडली. धाकटा भाऊ मेंढ्या घेऊन वरच्या खोऱ्यात, दोन दिवसांच्या वाटेवर. डॉक्टर म्हणाले, "बोलावून घ्या. फार तर चार दिवस." आई तर सारखी विचारत होती, "आला का गं तो?"

बाईने निरोप लिहिला. साहेब म्हणाले, "अहो, पहिला वाचा."

"नको साहेब. लोक म्हणतील, घरचा रेडिओ झालाय. सगळ्यांचे झाले की वाचते."

बहिणीचा आवाज आहे म्हटल्यावर भाऊ शेवटपर्यंत ऐकणारच, अशी तिची खात्री. तीन संध्याकाळी तिने तो निरोप वाचला, अगदी शेवटी. आवाज एकदाही कापला नाही याचा तिला अभिमान वाटला. कसला मेला अभिमान!

चौथ्या दिवशी दुपारी आई गेली, दाराकडे बघत. ती बातमी साहेबांनी स्वतः वाचली, सगळ्यांत आधी. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊ दारात उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

"ताई, आजारी होती तेव्हाच का नाही कळवलंस?"

"कळवलं रे. तीन दिवस वाचत होते."

"मी रोज लावतो की! आमचं खोरं संपेपर्यंत ऐकतो तुझा आवाज."

"मी शेवटी वाचलं. सगळ्यांच्या नंतर."

भाऊ खाली बसला. बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"दुसऱ्या कुणाची आई असती तर?"

"पहिलं वाचलं असतं," बाई म्हणाली.