कुलपातला पाळणा

नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीत परवा आवई उठली, की रामाजी या वयात कॉपी करायचं मशीन शोधून राहिलेत. बासष्ट वर्षांचा माणूस, हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त, आता बहुतेक बारावीला बसणार. ही बातमी गल्लीभर पोचवण्यात माझा हात नव्हता, असं मी म्हणणार नाही. खरं एवढंच होतं, की रामाजींनी बर्डीच्या बाजारात पिंटूच्या दुकानात एक रेकॉर्डर हातात धरून विचारलं, "याच्यातून कॉपी होते का?" आणि आमच्याकडे कॉपी म्हटलं की परीक्षेचा हॉलच आठवतो.

कारण कळलं तेव्हा माझं तोंड बंद झालं. त्यांच्या बायकोच्या, कौसल्यावहिनींच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा या बाईनेच म्हटला, माझ्या पोरीच्याही. आणि त्यांच्या लेकीला, रोशनीला, हैदराबादेत सातवा महिना. नातवंडाचा पाळणा सोमवारच्या आत वहिनींच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचा होता.

मोबाईलवर करून पाहिलं. वहिनींचा आवाज आता नुसती खरखर, मोबाईल तिला गोंगाट समजून पुसून टाकायचा. म्हणून शनिवारी दोघांसोबत मीही दुकानात गेलो. पिंटूने दोन रेकॉर्डर मांडले. वहिनींनी दोन्हींत एकेक ओळ म्हटली. नव्यात अर्धी अक्षरं गायब. जुन्या, कुणीतरी विकून गेलेल्या यंत्रात श्वाससुद्धा आला.

"हेच दे," रामाजी म्हणाले.

"काका, याले कुलूप हाय. गाण्याची चोरी होऊ नये म्हणून कंपनीनंच टाकलं. याच्यात भरलं ते याच्यातच वाजते. कॉपी निघत नाही."

"अरे, गाणं तिचंच हाय ना गा. तिनं तिचंच चोरलं काय?"

"मशीनले काय समजते, काका."

रामाजी स्टुलावर बसले. एकदा हे यंत्र कानाला, एकदा ते. एकात बायको अर्धी, दुसऱ्यात कोंडलेली. शेवटी वहिनीच कशाबशा बोलल्या, "घ्या जे घ्याचं ते. उद्याचाच दिवस हाय."

जुनंच घेतलं.

रविवारी दुपारी पंखा बंद करून पाळणा भरला. तीनदा खोकल्याने मोडला, चौथ्यांदा पुरा झाला. नाव घ्यायच्या जागी वहिनी गप्प राहिल्या. नाव ठेवायचंच आहे अजून. रामाजींनी तेवढीच जागा पुन्हा लावली, पुन्हा ऐकली.

मला ते पाहवेना, म्हणून मी खोडी काढली. "रामाजी, फोनवर ऐकवाल तर फोन पुसून टाकते. कॉपी निघत नाही. हैदराबादेले पाठवाल कसा? रोशनी तर तिकडंच बाळंत होतो म्हणते."

रामाजींनी यंत्र रुमालात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं.

"पाठवतच नाही," ते मला म्हणाले. "पहिलं बाळंतपण माहेरी असते. तिले सांग, पाळणा इथंच वाजते."